गिटारचा सातबारा

ज्याने नुकतीच गिटार विकत घेतली आहे, ज्याच्या बोटांच्या अग्रांवर अद्याप घट्टे पडलेले नाहीत आणि ज्याच्या मनश्चक्षूंसमोर महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन अहोरात्र तरळत आहे, अशा तरुणास स्केलचे महत्त्व पटवून देण्याची कामगिरी कोणत्याही मामाने स्वखुशीने पत्करू नये, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. माझ्या भाच्याचा हिशेब सरळ होता: तीन कॉर्ड आल्या की निम्मी चित्रपटगीते आली, आणि निम्मी आली की उरलेल्या निम्म्यांची चौकशी कोणी करीत नाही. या हिशेबात खोट काढणे अवघड आहे. फक्त, सा, ग आणि प हे स्केलमधील पहिला, तिसरा व पाचवा स्वर एकदम वाजविले म्हणजेच मेजर कॉर्ड होते, ही गोष्ट त्याच्या दप्तरी दाखल नव्हती.

हार्मोनियमवर प्रत्येक स्वराला एकच ठिकाण नेमून दिलेले असते. गिटारची व्यवस्था मात्र थेट आमच्या कोकणातील सामाईक जमिनीसारखी आहे. सर्वांत बारीक तार मोकळी छेडली असता जो सूर निघतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावरही हजर असतो. खातेदार एक आणि वहिवाट चार गावांत! त्यातून लगतच्या तारांमध्ये सर्वत्र पाच पडद्यांचे अंतर असता, दुसऱ्या व तिसऱ्या तारांमध्ये तेवढे ते चारच ठेवलेले आहे. कॉर्ड धरणे सुलभ व्हावे, हा त्यातला उदात्त हेतू. पण नवशिक्याचे बोट नेमके त्याच बांधावर ठेचकाळते.

अशा मुलखात शिरण्यापूर्वी मोजणी करून घ्यावी लागते, आणि स्केल ही ती मोजणी. मोकळ्या तारेस सा मानून त्याच तारेवर दुसरा, चौथा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा आणि बारावा पडदा क्रमाने दाबीत गेले की मेजर स्केल, म्हणजे आपल्या भातखंड्यांचा बिलावल थाट, सिद्ध होतो. बाराव्या पडद्याशी तारेची लांबी बरोबर निम्मी होऊन वरचा सा लागतो. हाच आराखडा सहा तारांवर मोकळ्या तारेचा आधार न घेता बोटांत एकदा मुरला, की गाणाऱ्या बाईंनी ऐनवेळी पट्टी बदलली तरी वादकाने घाम न पुसता तो सबंध आराखडा दोन पडदे पुढे सरकवावा आणि मंद स्मित करावे. पाठ केलेल्या तीन कॉर्डांवर ज्याची भिस्त असते, त्याच्याकडे त्या क्षणी केवळ स्मितच शिल्लक उरते.

गिटारला मैफलीत मानाचे आसन मिळवून देणाऱ्या स्पेनच्या आंद्रेस सेगोव्हियाने १९५३ साली स्केलांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली व प्रस्तावनेत दररोज दोन तास त्यांच्या सरावाची शिफारस केली. सेगोव्हियाच्या शेजाऱ्यांचे म्हणणे मात्र तीत समाविष्ट नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत सोल्फेज घोटून मुंबईस आलेले वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात समोरचा स्वरलिपीचा कागद पाहताक्षणी वाजवीत, त्यातही दैवी देणगीपेक्षा घोकंपट्टीचा वाटा मोठा असावा, असा माझा संशय आहे.

एके सायंकाळी भाच्याने पेंटॅटॉनिक नामक पाच स्वरांची स्केल, जणू एखादी परदेशी गुप्तविद्या हस्तगत झाली असावी अशा आविर्भावात, माझ्या आईपुढे वाजविली. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "भूप छान आहे रे. पण गंधारावर जरा थांबत जा." खट्टू होऊन त्याने मायनर पेंटॅटॉनिक काढली. "ही धानी," आईने निकाल दिला.

"आजी, हे ब्लूजचं आहे गं!"

"असेल हो त्यांचंही. आता पलटे घे बघू. सारेग, रेगप, गपध."

तिचे गंधाराविषयीचे म्हणणे सोडून देण्याजोगे नव्हते. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच. परंतु एक गंधारापाशी रमतो, दुसरा धैवतापाशी, आणि नुसती स्केल धावत म्हणणाऱ्यास या दोहोंपैकी एकाचेही दर्शन घडत नाही. कोठे थांबावे हे कळण्यासाठी आधी साऱ्या जागा ठाऊक असाव्या लागतात, म्हणून पलटे.

वरच्या मजल्यावरील निवृत्त मामलेदारांनी प्रारंभी "गाणं केव्हा लागणार?" अशी तोंडी फिर्याद गुदरली होती. पुढे ती त्यांनी मागे घेतली नाही, पण स्मरणपत्रे थांबली. परवा मात्र भाचा आरोह करीत अकराव्या पडद्यापर्यंत पोचला असता त्याला जेवणाची हाक आली, आणि तो शुद्ध निषाद तसाच अधांतरी टाकून पाटावर येऊन बसला. वरणभातावर तूप पडते न पडते तोच दारावर थाप पडली. गंजिफ्रॉकमध्ये, उष्ट्या हातानिशी मामलेदार उभे होते.

"तेवढा वरचा सा लावून टाकायला सांगा हो त्याला," ते काकुळतीने म्हणाले, "माझा घास अडकलाय."