अटलांटिकपार मिशी: एक क्षुल्लक प्रबंध

ब्रिटिश टीव्ही मालिकांच्या अमेरिकी आवृत्त्यांवर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. दोन देशांच्या विनोदाची जात, वर्गभेद, हवामान, चहा विरुद्ध कॉफी, सगळ्याचा कीस पाडून झाला. मिशीकडे मात्र अभ्यासकांनी अक्षम्य दुर्लक्ष केलं. ती उणीव भरून काढण्यासाठी हा उपद्व्याप.

प्रतिज्ञा अशी: ब्रिटिश विनोदी मालिका अमेरिकेत गेली की तिच्या नायकाची मिशी जाते. उपप्रमेय असं: मिशी गेली की भागांची संख्या वाढते. धूर आणि अग्नीची जोडी नैयायिकांनी जशी कायमची बांधून टाकली, तशीच ही बांधून टाकावी असा प्रस्तुत लेखकाचा मानस आहे. 'मिशी' या संज्ञेत हनुवटीवरची आटोपशीर दाढीही धरली आहे. का धरली, ते पुढे डेव्हिड ब्रेंट आला की कळेल. सोयीची व्याख्या आधीच करून ठेवली की संशोधन सुरळीत पार पडतं.

पहिला पुरावा आल्फ गार्नेट. 'टिल डेथ अस डू पार्ट' ही जॉनी स्पाइटने लिहिलेली मालिका बीबीसीवर १९६६ पासून नियमित दिसू लागली. पूर्व लंडनच्या गोदी भागातला हा गृहस्थ. घरात बसून काळे, स्थलांतरित, समाजवादी, जावई आणि बायको या सर्वांना सारख्याच तन्मयतेने शिव्या घालतो. वॉरन मिचेलने तो रंगवला: डोक्याला टक्कल, डोळ्यांवर गोल चष्मा, ओठावर मिशी. नॉर्मन लिअरने ही कल्पना अमेरिकेत नेली. एबीसीने दोनदा नमुन्याचा भाग करून घेतला आणि दोन्ही वेळा नाकारला. शेवटी १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएसवर 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या आर्ची बंकरच्या तोंडी तोच द्वेष होता, जावईही तसाच डाव्या विचारांचा. पण कॅरल ओकॉनरच्या चेहऱ्यावर मिशी नाही, आणि डोक्यावर केस आहेत! ब्रिटिश मालिकेचे भाग पन्नासेक, अमेरिकीचे दोनशेच्या वर. आर्ची ज्या खुर्चीत बसून गरळ ओकायचा ती खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मिशी ठेवली असती तर खुर्चीला हे भाग्य लाभलं नसतं, असं आमचं नम्र मत आहे.

येथे एक दुय्यम नियम हाती लागतो. आल्फच्या ओठावरचे केस नष्ट झालेले नाहीत, ते आर्चीच्या टाळूवर गेले आहेत. पदार्थविज्ञानात ऊर्जा अक्षय्य असते, रूपांतरात केस. हा नियम पुढे लागणार आहे, म्हणून वाचकांनी लक्षात ठेवावा.

दुसरा पुरावा वेदनादायक आहे. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेली 'फॉल्टी टॉवर्स': १९७५ साली सहा भाग, मग चार वर्षं सामसूम, १९७९ साली आणखी सहा, आणि खेळ खलास. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातल्या हॉटेलचा मालक बॅझिल फॉल्टी. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, बारीक मिशी, आणि गिऱ्हाईक हा आपल्या धंद्यातला एकमेव अडथळा आहे अशी ठाम समजूत. या पात्राचं मूळ खरं आहे. १९७० साली क्लीझच्या मॉन्टी पायथन या विनोदी चमूची मंडळी टॉर्कीच्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली, तेव्हाच्या मालकाचे नमुने क्लीझने टिपून ठेवले. त्या मालकाने चमूतल्या अमेरिकी टेरी गिल्यमला जेवणाच्या टेबलावर हटकलं होतं. मांस आधी कापून घेऊन मग काटा उजव्या हातात धरायचा, ही त्याची अमेरिकी रीत मालकाला खपली नाही. म्हणजे ज्या पात्राला पुढे अमेरिकेत नेण्याचे तीन-तीन प्रयत्न झाले, त्याचा जन्मच मुळी एका अमेरिकी काट्याकडे वाकडं बघण्यातून झाला. भविष्य तिथेच लिहिलेलं होतं.

१९७८ साली 'स्नेव्हली' नावाचा एक नमुन्याचा भाग झाला, पुढे काही नाही. १९८३ साली एबीसीने 'अमांडाज' आणली. तिच्याबद्दल क्लीझ जो किस्सा सांगत आला आहे, तो या प्रबंधाचा कणा आहे. निर्मात्यांनी त्याला सांगितलं की तुमच्या मालिकेत आम्ही एकच बदल केला आहे: बॅझिलला काढून टाकलं. हॉटेल समुद्रकाठचं, मालकीण बी आर्थर, आणि बॅझिल-सिबिल या नवरा-बायकोचं मिळून एकच पात्र. काही महिन्यांत गाशा गुंडाळला. विरोधक म्हणतील, इथे मिशी गेली, मग भाग का वाढले नाहीत? उत्तर सोपं आहे. मिशी वस्तऱ्याने काढायची असते, इथे ओठासकट काढली. १९९९ साली सीबीएसने 'पेन' नावाने तिसरा प्रयत्न केला, तो जेमतेम दीड महिना टिकला.

आता मुख्य पुरावा. 'द ऑफिस' ९ जुलै २००१ रोजी बीबीसी टूवर सुरू झाली. लेखक-दिग्दर्शक रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट. स्थळ लंडनच्या पश्चिमेचं स्लाउ. या गावावर बॉम्ब पडावेत अशी कविता जॉन बेटजेमनने १९३७ साली लिहून ठेवली आहे आणि मालिकेतला साहेब डेव्हिड ब्रेंट ती पुस्तकातून वाचून कवीचीच हजेरी घेतो. सहा-सहा भागांच्या दोन मालिका, २००३ च्या नाताळात दोन भागांचा विशेष कार्यक्रम, एकूण भाग १४. एनबीसीची आवृत्ती २४ मार्च २००५ ते १६ मे २०१३ चालली, भाग २०१. स्थळ पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन. २००७ साली तिथे मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा भरला आणि गावाने पाहुण्यांचं कौतुकाने स्वागत केलं. स्लाउला बॉम्ब, स्क्रँटनला मांडव.

ब्रेंटला मिशी आहे आणि हनुवटीवर राखलेली दाढी आहे (व्याख्या आठवावी). अमेरिकी साहेब, स्टीव्ह कॅरलचा मायकल स्कॉट, गुळगुळीत आहे. पण एवढ्यावर थांबणं म्हणजे अर्धवट अभ्यास, कारण अमेरिकी पहिला भाग हा ब्रिटिश पहिल्या भागाची जवळजवळ नक्कल आहे आणि त्यामुळे तो प्रयोगशाळेइतकाच उपयोगी आहे. जेलीत बुडवलेला स्टेपलर घ्या. इकडे टिमने सहकारी गॅरेथचा बुडवला, तिकडे जिमने ड्वाइटचा. जेली दोन्हीकडे पिवळी, स्टेपलर दोन्हीकडे आरपार दिसतो, गोड पदार्थांच्या नावांवर कोट्या दोन्हीकडे, नव्याने कामाला लागलेला पोरगा दोन्हीकडे अवघडून उभा. शेवटची थट्टाही तीच: साहेब रिसेप्शनवरच्या मुलीवर चिकटचिठ्ठ्या चोरल्याचा आळ घेतात, तुला काढून टाकलं म्हणतात, ती रडते, मग साहेब म्हणतात, गंमत केली. स्लाउमध्ये हे बघताना आपण खुर्चीत अंग चोरतो, तोंडावर हात ठेवतो आणि तरी बघत राहतो. स्क्रँटनमध्ये वाटतं की हा माणूस नुसता दुष्ट आहे, चॅनेल बदला.

पहिल्या वर्षी सहाच भाग झाले आणि मालिका कशीबशी तगली. मग ऑगस्ट २००५ मध्ये कॅरलचा एक चित्रपट तुफान चालला. अमेरिकी आवृत्तीचा कर्ता ग्रेग डॅनियल्स याने साहेबाला मऊ करायचं ठरवलं. सप्टेंबरमध्ये दुसरं पर्व सुरू झालं तेव्हा साहेबाचे केस दाट झाले होते! पहिल्या पर्वात चापून मागे बसवलेले विरळ केस आणि दुसऱ्या पर्वातलं भरघोस डोकं शेजारी-शेजारी ठेवून पाहा, केस-अक्षय्यतेचा नियम पुन्हा सिद्ध. ब्रेंटची दाढी अटलांटिकवरून येईपर्यंत सहा भाग गेले, इतकंच.

केसांपाठोपाठ साहेबाला गुण आले. त्याच पर्वात मायकल एका बड्या गिऱ्हाइकाला चिलीज नावाच्या साध्या रेस्टॉरंटात नेतो. वरिष्ठ बाई जॅन कपाळाला हात लावते. हा गप्पा मारतो, आचरट विनोद करतो आणि अखेर सौदा पटवतो. तेव्हा कळतं की हा उत्तम विक्रेता आहे, फक्त साहेब म्हणून भंगार आहे. ब्रेंटला लेखकांनी असा एकही गुण दिला नाही. दुसऱ्या मालिकेच्या शेवटी त्याला नोकरीवरून काढतात, तेव्हा तो काढू नका म्हणून गयावया करतो, आणि बस्स. ब्रिटिश लेखकाला दया येतच नाही असं नाही. नाताळच्या विशेष कार्यक्रमात ब्रेंट आपल्या उर्मट दोस्ताला, फिंचला, चार शब्द सुनावतो, रिसेप्शनवरची डॉन टिमकडे परत येते. पण ती दया निघता-निघता, दार ओढून घेताना. राहायची वेळ आली तेव्हा नाही.

पूर्वपक्ष इथे उभा राहतो आणि 'सॅनफर्ड अँड सन' पुढे करतो. मूळ ब्रिटिश 'स्टेप्टो अँड सन', बाप-लेक भंगारवाले. अमेरिकेत ती १९७२ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या कृष्णवर्णीय बाप-लेकांची झाली. बाप झालेल्या रेड फॉक्सला चांगली पिकलेली दाढी-मिशी आहे आणि भाग सव्वाशेच्या वर. हा अपवाद मान्य, पण पिकलेली मिशी ही आजोबांची मिशी, तिचा धाक वाटत नाही. दुसरा आक्षेप 'शेमलेस'चा. ब्रिटनमध्ये १३९ भाग, अमेरिकेत १३४, म्हणजे उपप्रमेय आडवं. त्यावर आमचं उत्तर असं की नायक फ्रँक गॅलघर दोन्ही देशांत बहुतेक वेळ शुद्धीवरच नसतो, त्यामुळे त्याची साक्ष ग्राह्य नाही.

'कपलिंग'चं काय? २००३ साली एनबीसीने स्टीव्हन मॉफटच्या संहिता जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या आणि चार भाग दाखवून मालिका बंद केली. तिथल्या नायकांना मिशाच नव्हत्या, मग काढणार काय! आणि 'लाइफ ऑन मार्स'? मँचेस्टरचा पोलीस अपघातानंतर १९७३ सालात जागा होतो. अमेरिकी आवृत्तीने शेवटच्या भागात खुलासा केला की हा माणूस खरोखरच मंगळावर निघालेला अंतराळवीर आहे. शीर्षक इतक्या प्रामाणिकपणे वाचल्याचं दुसरं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. रे कार्लिंग या पोलिसाची मिशी दोन्ही आवृत्त्यांत शाबूत आहे, पण तो नायक नाही.

एका गोष्टीची नोंद जाता-जाता करणं भाग आहे. हा नियम फक्त पश्चिमेकडच्या प्रवासाला लागू आहे. 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर' ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झाला तेव्हा क्रिस टॅरंट गुळगुळीत, अमेरिकेत रीजिस फिल्बिन गुळगुळीत. तोच खेळ मुंबईला आला आणि त्याची ओळखच अमिताभ बच्चनची फ्रेंच दाढी होऊन बसली.

आता कारण. ब्रिटिश मालिका एक-दोन लेखक घरी बसून लिहितात, सहा भाग झाले की त्यांचा जीव थकतो. अमेरिकी वाहिनीला वर्षाला बावीस-चोवीस भाग लागतात, त्यासाठी लेखकांची आख्खी खोली भरलेली असते. शंभराच्या आसपास भाग साठले की गावोगावची केंद्रं रोज संध्याकाळी पुनःप्रक्षेपण विकत घेतात आणि खरा पैसा तिथे असतो. चार दिवसांसाठी आलेला तिरसट पाहुणा आपण किस्से म्हणून पुढे सांगतो, तोच वर्षानुवर्षं राहिला तर आधी त्याची दाढी करायला लावतो. बॅझिलला बारा अर्ध्या तासांत क्षमा करायची गरज पडत नाही. मायकल स्कॉटला २०११ सालात निरोप देताना प्रेक्षक रडले पाहिजेत, हे २००५ सालीच ठरवावं लागतं. मिशी ही एवढ्या सगळ्या हिशेबाची बारीक किरकोळ रक्कम.

दोन्ही चेहरे एकाच चौकटीत आल्याचा एक प्रसंग उपलब्ध आहे. जानेवारी २०११ च्या एका भागात मायकल लिफ्टशी थांबतो, दार उघडतं आणि समोर डेव्हिड ब्रेंट. दोघांचं क्षणात जमतं, विनोद होतात, गळाभेट होते. ब्रेंट विचारतो, तुमच्याकडे जागा आहे का? सध्या नाही, मायकल म्हणतो. मे महिन्यात जागा निघाली. साहेबाच्या खुर्चीसाठी मुलाखती झाल्या. उमेदवारांत खुद्द वॉरन बफे होते, जिम कॅरी होता आणि व्हिडिओवरून ब्रेंटही होता. खुर्ची अखेर ऑफिसातल्याच अँडी बर्नार्डला मिळाली. त्याची दाढी घोटून केलेली होती.