ठिपक्यांची वही

माणूस सुधारायचं ठरवतो तेव्हा सगळ्यात आधी नवी वही आणतो. बेंजामिन फ्रँकलिननेही तेच केलं. फरक इतकाच, की १ जानेवारीच्या आपल्या वह्या संक्रांतीपर्यंत माळ्यावर जातात आणि त्याची वही थेट आत्मचरित्रात गेली.

फिलाडेल्फियात छापखाना चालवणाऱ्या या तरुणाने आधी सद्गुणांची यादी केली. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, काटकसर असे १२ गुण झाले. मग एका क्वेकर पंथाच्या मित्राने त्याच्या कानावर घातलं, की बाबा रे, लोक तुला गर्विष्ठ समजतात. वर दाखलेही दिले. तेव्हा कुठे नम्रता तेरावी म्हणून दाखल झाली!

पुढचं काम हिशेबी डोक्याचं. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर लाल शाईने आखलेले वारांचे ७ रकाने आणि गुणांच्या १३ ओळी. रोज रात्री, जिथे चुकलं त्या चौकोनात काळा ठिपका. पण खास पहारा आठवड्याला एकाच गुणावर; बाकीचे रामभरोसे. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात ४. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडता खरवडता वहीला भोकं पडली. मग त्याने हस्तिदंती पानं घेतली. पेन्सिलीने ठिपके द्यायचे, ओल्या स्पंजने पुसायचे. गंगेला जाण्यापेक्षा स्वस्त!

व्यवस्थितपणा मात्र त्याला कधीच साधला नाही. त्यावर त्याने एक गोष्ट सांगितली आहे. कुऱ्हाड घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाला सगळं पातं धारेइतकं लखलखीत हवं होतं. लोहार म्हणाला, चाक तू फिरव, घासतो मी. फिरवून फिरवून गिऱ्हाइकाचे हात भरून आले आणि त्याला अर्धवट घासलेली, ठिपक्यांची कुऱ्हाडच आवडू लागली.

नम्रतेचं दुखणं त्याहून अवघड. ‘नक्कीच’, ‘निःसंशय’ हे शब्द त्याने बोलण्यातून काढून टाकले. ‘तूर्त मला असं वाटतं’ म्हणू लागला. लोक त्याचं जास्त ऐकू लागले. पण गर्व पुरता जिंकला असं वाटलंच, तर त्या नम्रतेचाही गर्व होईल, हेही त्यानेच लिहून ठेवलं.

१७८४ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, पॅरिसजवळच्या पासीत बसून हे लिहिताना त्याने मान्य केलं, की पूर्णत्व काही हाती लागलं नाही, पण खटपटीने माणूस बरा झाला आणि सुखीही. कुठल्याही पद्धतीकडून याहून जास्त मागू नये. तेव्हा वही आणलीच असेल, तर आठवड्याला एकच दुर्गुण हाती घ्या. बाकीचे कुठे पळून जात नाहीत.