गड्डेराव डेडस्टॉकला लावा

हिंगोलीच्या माणसाला राक्षस दाखवून घाबरवता येत नाही. दर दसऱ्याला तो रामलीला मैदानावर पन्नासेक फुटांचा रावण उभा करतो, पोरगं खांद्यावर घेऊन जळताना बघतो आणि फटाके संपले की घरी जाऊन जेवतो. ही रीत दीडशेहून जास्त वर्षांची. जिल्हा मात्र १ मे १९९९ चा, परभणीतून वेगळा काढलेला. सेवाज्येष्ठता यादी लावली तर जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या साहेबांच्या वर रावणाचं नाव येईल.

असं असूनही गेल्या उन्हाळ्यात इथल्या एका कार्यालयाच्या दारात जे उभं राहिलं, त्याला बघून माझ्या शेजारचं चार वर्षांचं पोर दोन रात्री झोपलं नाही. कार्यालयाचं नाव सांगत नाही. माझी एक फाइल अजून तिथंच आहे.

झालं असं, की कार्यालय लोकाभिमुख करा असा आदेश वरून आला. भिंतीला रंग दिला. पाण्याचं फिल्टर बसवलं, त्याची तोटी नंतर येणार होती. ‘हसतमुख सेवा’ या कलमाला मात्र सगळे अडखळले. हसायचं कोणी? कामाच्या वाटपात ते कुणाकडंच नव्हतं. शेवटी तोडगा निघाला: हसण्यासाठी वेगळा शुभंकर नेमावा.

शुभंकरावर बैठक झाली. एकानं एअर इंडियाचा महाराजा सुचवला. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि उमेश राव यांनी मुंबईत घडवलेला, मिशाळ, कमरेत वाकून स्वागत करणारा. पण वाकण्याच्या मुद्द्यावर तो पडला, चुकीचा पायंडा पडेल म्हणून. दुसऱ्यानं रेल्वेचा भोलू गार्ड काढला. हत्ती, हातात हिरवा दिवा. ‘हिरवा दिवा म्हणजे काम मंजूर असा लोकांचा समज होईल,’ अशी हरकत आली आणि भोलूही यार्डात गेला. ओनिडा टीव्हीचा शिंगवाला सैतान बऱ्याच जणांना आवडला होता. घराघरात शेजाऱ्याचा हेवा विकून गेलेला हा गडी, गोपी कुकडे यांच्या डोक्यातून निघालेला मराठी कल्पनेचा सैतान. पण शिंगं आणि शेपूट असलेला इसम दारात उभा केला तर लोक त्याला बाहेरचा समजणार नाहीत, अशी भीती होती.

एक तरुण अभियंता म्हणाला, लायगो घेऊ. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला होणारी ती वेधशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, दूर अवकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणारी थरथर टिपणारी. अणूच्या गाभ्याहून कितीतरी सूक्ष्म हालचाल तिला कळते. ‘आपल्याकडची फाइल हलते की नाही हे तेवढंच सांगू शकेल,’ असं तो बोलून गेला. आता त्याची बदली झाली आहे.

अखेर हळद ठरली. त्यात कुणाला काही म्हणता येत नाही. संत नामदेव मार्केट यार्डात हळदीच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा आख्ख्या गावाला पिवळी शिंक येते. आणि शुभंकर काढायचा तर हळदीचा कंद काढावा, हेही बरोबरच. फक्त काढणाऱ्यानं हळद कधी पाहिली होती का, हा प्रश्न राहतो. जेठा गड्डा, म्हणजे मातृकंद, हा मुळातच भेसूर प्रकार आहे. जिकडून तिकडून बोटं फुटलेली, त्या बोटांना पुन्हा बोटं. जमिनीत असतो तोवर ठीक. त्याला सहा फुटी स्पंजमध्ये कापून, पिवळं कापड चढवून, जबडाभर दात दिले की काय होतं ते आम्ही पाहिलं. वर जिल्ह्याचे पाच तालुके म्हणून पाच डोळे. शिंप्याच्या चुकीनं वसमतचा डोळा पाठीवर गेला. मानांकन मिळालेली हळद वसमतची आणि डोळा तिचाच मागं, यावर तिकडून एक निवेदन आलं. त्या निवेदनावर मात्र त्याच दिवशी कारवाई झाली: डोळा काढून टाकला. पाठीवर भोक राहिलं.

नाव ठेवलं गड्डेराव.

लोकांनी पहिल्याच दिवशी त्याची पारख केली. सेनगावकडचे एक आजोबा चहूबाजूंनी फिरून म्हणाले, ‘ओला हाय हा. शिजविल्याबिगर भाव न्हाई लागायचा.’ हळद शिजली का हे काडी टोचून बघतात. पोरांनी पेन्सिली टोचून बघितल्या. आतून ‘आई गं’ असा आवाज आला, तेव्हा कळलं की आत माणूस आहे.

बीएस्सी झालेला, भरतीची जाहिरात निघायची वाट बघणारा. रोजंदारीवर. मे महिना, बाहेर झळा, आत स्पंज. आजोबांना सांगायला हवं होतं की घाई करू नका, शिजणं चालू आहे.

खरा पेच लेखा शाखेत पडला. गड्डेराव ही वस्तू आहे, तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरला नोंद हवी. पण ती सकाळी पावणेदहाला चालत येते. मग मस्टरवर घ्यावी का? मस्टरवर घेतली तर पद मंजूर हवं. खूप खल होऊन असं ठरलं: कापड, स्पंज आणि हसू डेडस्टॉकला; आतला मुलगा सादिलवार खर्चात, झाडू, फिनेल, टाचण्यांच्या ओळीत. आख्ख्या कार्यालयात वेळेवर येणारा तो एकटाच, आणि त्याचीच हजेरी लागायला वही नव्हती.

जपानात कुमामोतो नावाचा एक प्रांत आहे. तिथल्या सरकारनं २०१० मध्ये कुमामोन नावाचं काळं अस्वल आधी तात्पुरता कर्मचारी म्हणून घेतलं आणि पुढच्याच वर्षी विक्री विभागाचं प्रमुख केलं. ओसाकाच्या २०२५ च्या जागतिक प्रदर्शनाचा शुभंकर तर आपल्या गड्डेरावाचा सख्खा मावसभाऊ शोभावा: निळं अंग, तोंडाभोवती लाल गोळ्यांचं कडं आणि त्यातल्या काही गोळ्यांत डोळे. आधी लोक दचकले, मग त्याच्या बाहुल्यांसाठी रांगा लागल्या. हे मी त्या मुलाला चहा पाजताना सांगितलं. सगळं सोडून त्यानं एवढंच विचारलं, ‘अस्वल एका वर्षात परमनंट झालं?’

मी चहावाल्याकडं बघितलं.

पाऊस लागला तसा स्पंजानं पाणी धरलं आणि गड्डेराव कुजल्या हळदीसारखा वास मारू लागला. आता रावणाचं बरं असतं. दसरा आला की जाळला, राख झाली, हिशेब मिटला. डेडस्टॉकची वस्तू अशी जाळता येत नाही. तिला निर्लेखन प्रस्ताव लागतो, समिती लागते, आणि वस्तू निरुपयोगी असल्याचा दाखला लागतो. तो दाखला कुणी द्यायचा यावर फाइल थांबली आहे. हसणारी वस्तू निरुपयोगी आहे असं लिहून द्यायला कुणी धजत नाही.

मुलाला तेवढं थांबवलं. रिकामा गड्डेराव आवक-जावकच्या खुर्चीत बसवून ठेवला, कारण ती खुर्ची तशीही मोकळीच असते. चार डोळे, जबडाभर हसू, हात पुढं केलेले. बाहेरगावची माणसं येतात, नमस्कार करतात आणि त्या पिवळ्या बोटांत अर्ज अडकवून जातात. एका म्हातारीनं मला समाधानानं सांगितलं, ‘नवे सायेब हसून बोलायलेत.’

परवा मी माझ्या फाइलची चौकशी करायला गेलो होतो. तो मुलगा आला होता. सतरा दिवसांची मजुरी राहिली होती त्याची. लेखा शाखेनं सांगितलं, लेखी अर्ज दे, आवकला. तो आवकच्या टेबलापाशी गेला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि थोडा वेळ त्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मग टेबलाला वळसा घालून मागं गेला, वसमतच्या भोकातून आत डोकावला, आणि पुढं येऊन कागद त्याच्या बोटांत नीट अडकवला.