सरदारीणबाईंचा खुराक

शनिवारी सकाळी मी फाटकी विजार चढवली, की आमची सौ. घरातले धड टॉवेल कपाटात टाकते आणि किल्ली कमरेला खोचते. मागच्या उन्हाळ्यात तिच्या माहेरून आलेल्या सोलापुरी चादरीचं कार्बुरेटर पुसायचं फडकं झालं, तेव्हापासूनचा हा बंदोबस्त आहे. मी त्यावर काही बोलत नाही. बोलायला तोंड नाही. बाहेर कडुनिंबाखाली आमची कॉन्टेसा उभी असते आणि तिच्या बॉनेटवर शेजाऱ्यांची मांजर आडवी.

आजच्या पोरांना कॉन्टेसा समजावून सांगावी लागते. मारुती आठशे रस्त्यावर येऊन जेमतेम वर्ष होत होतं, तेव्हा 1984 साली अँबेसेडरवाल्या हिंदुस्तान मोटर्सने ही बाजारात आणली. पिंड विलायती. इंग्लंडात व्हॉक्सहॉलने व्हीएक्स नावाची मोटार 1978 मध्ये बंद केली आणि तिचे साचे कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याला येऊन पोचले. लांबलचक बॉनेट, रुंद छाती आणि मागे हिला डिकी म्हणावं की ओसरी असा प्रश्न पडावा एवढी जागा. हिंदी सिनेमातला खलनायक बंदरावर सोनं उतरवून घ्यायला यायचा तो हिच्यातून. 2002 साली तीही बंद झाली आणि बंद पडलेल्या सगळ्या गोष्टींना आपल्याकडे येतो तसा भाव हिलाही आला. आता शौकीन लोक तिला 'भारताची मसल कार' म्हणतात.

म्हणोत बापडे. अमेरिकेत मसल कार म्हणजे 1964 च्या पॉन्टियाक जीटीओसारखं प्रकरण. 389 घनइंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन आणि सव्वातीनशे घोडे. आमच्याकडे कॉन्टेसा आली ती अँबेसेडरचंच 1489 सीसीचं इंजिन पोटात घेऊन. घोडे पन्नासच्या आसपास, तेही दुष्काळी भागातले. अंग पैलवानाचं आणि काळीज कारकुनाचं. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे बाई पळायला लागल्या. बाई अशासाठी, की कॉन्टेसा हा इटालियन शब्द आहे आणि त्याचा अर्थ सरदारीण. आपण ज्याला पैलवान समजून दंडाला हात लावायला जातो, ती मुळात पदर सावरून बसलेली सरदारीणबाई आहे.

आमच्या बाई 1992 च्या, इसुझूवाल्या, एमएच-17 पासिंगच्या. माझ्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, त्या उसाच्या बिलातून घेतल्या. कोपरगाव तालुक्यात साखर कारखाने दोन. एक कोळपेवाडीला, दुसरा सहजानंदनगरला. उसाचं बिल आलं की आधी सोसायटीचं कर्ज, मग विहीर, मग ट्रॅक्टर, मग पोरीचं लग्न हा इकडचा क्रम. नानांनी तो मोडला. कारखान्याच्या वार्षिक सभेला आपण कॉन्टेसातून उतरलो की निम्मे ठराव तिथंच मंजूर व्हायचे, असं नाना सांगतात. डिकीत खताची चार पोती बसायची आणि वर नव्या नवरीची ट्रंक. आता नाना ऐंशीच्या पुढे आहेत. शनिवारी त्यांची बाज कडुनिंबाखाली येते आणि ते आमच्या दुरुस्तीचे अध्यक्ष होतात. अध्यक्षांचं काम एवढंच, की हातात पाना घेतला रे घेतला की "तो नाही, त्याच्या शेजारचा" म्हणायचं.

प्रत्यक्ष काम करणारे वस्ताद. त्यांना सगळं गाव वस्तादच म्हणतं. वस्तादांची वेळ मोजायची स्वतंत्र पद्धत आहे. 'अर्ध्या तासाचं काम' म्हणजे दिवस मोडला. 'आजच्या दिवसात होऊन जाईल' म्हणजे दिवाळी. 'बघावं लागंल' म्हटलं की मी सरळ पतसंस्थेत जातो.

तर मागच्या पावसाळ्यानंतर बाई चालता चालता आचके द्यायला लागल्या. बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा. वस्तादांनी पंपाकडून कार्बुरेटरकडे जाणारी नळी दोन बोटांत धरली आणि नुसती दाबली. बोटं उचलली तर काळं, चिकट काहीतरी तारेसारखं लांबत वर आलं. मला एकदम गुऱ्हाळ आठवलं. काकवीची तार बघावी तशी आम्ही तिघे त्या बोटांकडे बघत राहिलो. मग पेट्रोल पंपाचं झाकण काढलं, तर आतला डायफ्राम तेलात पडलेल्या पापडासारखा फुगून वाकडा झालेला. कार्बुरेटरच्या वाटीत तळाला तांबूस गाळ, चहाच्या भांड्यात उरतो तसा, आणि कडेला पांढरी भुकटी.

"सर, ह्या नळीचं वय काय?"

"गाडीएवढंच असेल."

"मग हिला झेपत न्हाय आताचं पेट्रोल. पेट्रोलात स्पिरिट येतंय ना आता, वीस टक्के."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण हा धडा माझ्या दारात वस्तादांनी घेतला. पंपावर आता मिळतं ते ई-20, शंभरात वीस भाग इथेनॉल. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं. हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीच्या तळाशी तीस वर्षं गुपचूप बसलेला गंज सोडवून पुढे जेटच्या तोंडाशी आणून ठेवतं. शिवाय एका लिटर पेट्रोलात जेवढा दम, त्याच्या दोन तृतीयांशच एका लिटर इथेनॉलात. आमच्या बाईंचं ॲव्हरेज आधीच आठ-नऊचं. नव्या गाड्यांच्या नळ्या हे सोसतील अशाच बनवतात. 1992 साली उत्तरपाऱ्यात कुणाच्या स्वप्नातही हे नव्हतं.

आणि हे इथेनॉल येतं कुठून? मळीतून, उसाच्या रसातून. म्हणजे आमच्याच आडसालीतून! फेब्रुवारीत आमच्या फडात कोयता लागतो, ऊस कारखान्यावर जातो, तिथून त्याचं स्पिरिट होऊन टँकरने डेपोत, डेपोतून पंपावर, आणि पंपावरून मी पदरचे पैसे मोजून ते बाईंच्या टाकीत ओततो. मग ते बाईंची नळी खातं. नळीचा खर्च मी उसाच्या बिलातून करतो. सहकाराचं एवढं पूर्ण वर्तुळ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

नानांना हे पटेना. "ऊस कुणाचं वाईट करत नाही," ते बाजेवरून म्हणाले.

"नाना, तुम्हाला शुगर आहे," सौ. चहा ठेवता ठेवता म्हणाली. बिनसाखरेचा कप तिने त्यांच्या हातात दिला. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

उपाय साधा होता. फ्लोरिनच्या रबराची नळी घालायची, बाजारात तिला व्हायटन म्हणतात. साध्या नळीच्या कितीतरी पट महाग, पण इथेनॉलला दाद देत नाही. पंपाचा डायफ्राम बदलला, जेट फुंकून साफ केले. टाकी काढली, आत मूठभर बोल्ट आणि साखळीचा तुकडा टाकला आणि मी आणि वस्ताद अंगणात ती टाकी पाळण्यासारखी हलवत बसलो. गल्लीतली सहा माणसं थांबून सल्ला देऊन गेली. सातवा म्हणाला, "बारसं कधी?" धुवायचं पाणी हा निराळा प्रश्न. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंपं भरायची की मोटारीची टाकी खळखळायची, हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. बोअरचं पाणी जड. ते रेडिएटरात घातलं तर आत चुन्याची भिंत उभी राहते. त्यामुळे आमच्या घरात जारचं शुद्ध पाणी पिणाऱ्या दोनच व्यक्ती आहेत. एक नाना, दुसऱ्या बाई.

दुरुस्ती इथवर असती तर निभलं असतं. पण माझा भाचा हिंजवडीला असतो आणि दर दुसऱ्या शनिवारी येतो. त्याला दुरुस्तीत रस नाही. त्याला 'अपग्रेड' करायचं असतं. "मामा, गाडीला थोडं मॉडर्न करू," असं म्हणून त्याने आधी डॅशबोर्डवर परातीएवढा टचस्क्रीन बसवला. त्यावर जगातल्या कुठल्याही गावचं हवामान दिसतं, फक्त सेल्फ मारायला बॅटरी उरत नाही. मग एलईडी दिवे. ते लावल्यावर समोरचे ट्रकवाले आपल्या मातोश्रींची आठवण काढत जातात. मग रिव्हर्स कॅमेरा.

नानांनी तीस वर्षं ही गाडी मान वळवून मागे घेतली. कशाला खरचटलं नाही. भाच्याने पहिल्याच रविवारी स्क्रीनकडे बघत मागे घेतली. स्क्रीनवर कडुनिंब उजवीकडे होता. प्रत्यक्षात तो जिथे होता तिथेच होता. मागच्या डाव्या दिव्याची लाल काच खळ्ळकन फुटली. काच म्हणायची, असतं ते प्लॅस्टिकच.

तेव्हापासून आमचं खरं आयुष्य सुरू झालं. इंजिनाचा प्रश्न एवढा बिकट नाही, कारण इसुझूचं 1.8 पुढे अँबेसेडरलाही बसलं आणि पार्ट कुठे ना कुठे निघतात. पण दिव्याची काच अँबेसेडरची चालत नाही. ती फक्त बाईंची. मी पुण्यात नाना पेठेत गेलो. दुकानदाराने पोटमाळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काच काढली आणि विचारलं, "डावी म्हणजे गाडीत बसून डावी, का मागं उभं राहून?" मी म्हटलं, दोन्ही एकच की. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. घरी येऊन बघतो तर उजवी. दुसरी कुर्ल्याच्या जुन्या मालातून आणली, घाईत, पावसात. उजवी. तिसऱ्या वेळी भाच्याने जबाबदारी घेतली आणि फुटक्या दिव्याचा फोटो थेट दिल्लीला पाठवला. फोटो त्याने स्वतःसकट काढला होता, पुढच्या कॅमेऱ्याने, त्यामुळे डावं उजवं होऊन गेलं. कुरिअर आलं. सौ.ने खोकं हातात घेऊन न उघडताच सांगितलं, "उजवी."

दरम्यान नूतनीकरण आलं. गाडी पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी श्रीरामपूरला आरटीओत नेऊन ती जिवंत असल्याचं दाखवावं लागतं, निवृत्तिवेतनवाल्यांसारखं. 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीची ही फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद करता येते, 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते, पण त्याला गाडी पन्नास वर्षांची व्हायला लागते. बाईंची पन्नाशी 2042 साली. नाना म्हणाले, "थांबू."

टाकी बसली, नळी बसली आणि एका रविवारी आम्ही चाचणी घ्यायची ठरवली. शिर्डी पंधरा किलोमीटर, जाऊन यायचं. राघोबादादांनी अटकेपर्यंत घोडे नेले आणि शेवटी 1783 मध्ये कोपरगावातच देह ठेवला. तेव्हा इथून निघून परत इथे पोचणं ही फार मोठी अपेक्षा आहे असं मला वाटत नाही. पुढे वस्ताद, मागे नाना, त्यांच्या मांडीवर पाण्याचा जार. गावातून निघताना बाई अशा काही घुमल्या की चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. तिसरा, चौथा, पाचवा. नानांनी खिडकीतून हात बाहेर काढून कुणाला तरी नमस्कार केला. कुणीच नव्हतं. सवयीने केला.

गोदावरीच्या पुलावर बाईंनी दोन आचके दिले आणि थांबल्या. टाकीच्या सांदीकोपऱ्यात उरलेला गंज इथेनॉलने इमानेइतबारे सोडवून फिल्टरमध्ये आणून बसवला होता. फिल्टर किरकोळ किमतीचा आणि तो घरी फडताळात होता. मागे हॉर्नचा गोंधळ. तेवढ्यात मनमाडकडून एक पालखी आली, शिर्डीला निघालेले पन्नास-साठ पदयात्री. त्यांनी काही विचारलं नाही. पालखी दोघांनी धरली, बाकीच्यांनी बाईंना हात लावला आणि 'साईनाथ महाराज की जय' म्हणून ढकलायला सुरुवात केली. मी स्टिअरिंग धरून बसलो. आमचं घर मागे राहिलं होतं, पण कुणी ऐकेना, त्यांचा रस्ता शिर्डीचा होता. नाना मागच्या सीटवरून दोन्ही बाजूंना हात जोडत होते. इतकी गर्दी त्यांच्यासाठी वार्षिक सभेलाही कधी झाली नव्हती. पूल ओलांडून सावलीला गाडी लावली, तेव्हा वस्ताद घाम पुसत म्हणाले, "सर, पन्नास घोड्यांचा दम कमी न्हाय."

भाचा मोटारसायकलवर फिल्टर घेऊन आला. अर्ध्या तासाचं काम होतं, संध्याकाळी घरी पोचलो.

आता गाडी चालते. फिल्टर दर महिन्याला बदलतो, दोन डिकीत ठेवतो. राहिली ती मागची एक काच. तिच्या जागी सध्या लाल पॉलिथिन चिकटपट्टीने लावलं आहे आणि वस्तादांच्या मते हवालदाराने अजून पाहिलं नाही एवढंच. तर कुणाच्या गोठ्यात, गोदामात, माळ्यावर, वारलेल्या मामांच्या ट्रंकेत कॉन्टेसाच्या मागच्या डाव्या दिव्याची काच पडून असेल तर कृपा करून कळवा. डावी म्हणजे ड्रायव्हरच्या जागेवर बसून, तोंड पुढे करून, डाव्या हाताची. बदल्यात उजव्या तीन देऊ.