अवयव पाडणारे सर

अंबाजोगाईत आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त सर राहतात. तुमच्या गल्लीत नसतील तर केजला, गेवराईला चौकशी करा, सापडतील. आकडा दिसला की यांना राहवत नाही. कुणी नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात, सर नंबर मागतात.

"एमएच ४४, पुढं?"

"२३०१, सर."

लगेच खिशातलं एसटीचं जुनं तिकीट निघतं. त्याच्या पाठीवर तेच अंक उतरते मांडून त्यातून चढते वजा: ३२१० वजा ०१२३, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८. "आला का ६१७४? चारी अंक सारखे नसले की कुठून बी निघ, लई झालं तर सात पायऱ्या, इथंच येतोस. देवळालीच्या मास्तरानं शोधलंय हे, कापरेकरांनी, १९४९ साली!" 'मास्तर' म्हणताना सरांची छाती दोन बोटं पुढं येते.

कोपऱ्यावरच्या गुत्तेदाराच्या गाडीचा नंबर ९९९९. त्यासाठी किती मोजले, हे तो न विचारता सांगतो. सर म्हणाले, "उलटा कर. आता वजा कर. किती उरलं?" गुत्तेदार तेव्हापासून गाडी पलीकडच्या गल्लीत लावतो.

सरांचा खरा जीव मात्र १२३४५६७८९८७६५४३२१ वर. नऊ वेळा १ मांडून येणाऱ्या संख्येचा हा वर्ग. असल्या चढत्या-उतरत्या संख्यांना कापरेकरांनी एका रेल्वे स्टेशनवरून 'डेम्लो' नाव ठेवलं. शिवाय अंकांची बेरीज ८१ आणि ८१ नं निःशेष भाग जातो, म्हणून ती हर्षदसुद्धा! सर ती डोळे मिटून म्हणतात, "एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म..." परार्धाला एकच घर कमी पडलं, याची हळहळ निराळी. ही नावं 'लीलावती'तली, आणि भास्कराचार्य आपल्या बीडचे, हे ओघानं येतंच. विज्जडविड म्हणजे बीड की चाळीसगावजवळचं पाटण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सरांचं आहे.

परवा हयातीच्या दाखल्यासाठी त्यांच्या मोबाईलवर ओटीपी आला. मी म्हटलं, "सर, सांगा पटकन." सर फोनकडे बघतच राहिले. "४१७४१७! तीन आकडे दोनदा. म्हणजे ७, ११, १३, तिन्हींनी भाग जाणार. का? तर १००१..." कारण पटेपर्यंत मुदत संपली. दुसरा ओटीपी आला तो सरांना आवडला नाही, म्हणून काम झालं.

घरचा हिशेब काकूंकडे. मंडईतून सर आले की त्या पिशवी नंतर बघतात, आधी सुटे पैसे मोजतात.

"महापद्म मोजता, अन् भाजीवाल्यानं वीस रुपये कमी दिले ते कळलं नाही?"

"वीस?" सरांचा चेहरा खुलला. "अगं, वीस बी हर्षदच की!"