सपाट मुलखातली डोंगरी सायकल

तंजावरला डोंगर नाही. टेकाडही नाही. कावेरीने युगानुयुगे गाळ आणून हा मुलूख असा समतल करून ठेवला आहे, की पाऊस पडला तर आता जायचं कुठे, हा प्रश्न पाण्यालाच पडावा. उंच म्हणावं असं गावात एकच, बृहदीश्वराचं शिखर. राजराज चोळाने १०१० मध्ये ते पुरं केलं, उंची २१६ फूट, आणि नाव दक्षिणमेरू. डोंगर नव्हता म्हणून बांधून घेतला, इतका सरळ हिशेब. त्याचा दगडसुद्धा लांबून आणावा लागला. अशा गावात मी डोंगरी सायकल चालवतो. इतके दिवस हार्डटेल होती, म्हणजे शॉकअप फक्त पुढे; आता पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली फुल सस्पेन्शन घेतली आहे. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ती पाहिली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. सीटवर तळहात ठेवून त्याने दाबलं; सीट खाली गेली, वर आली. त्याने पुन्हा दाबलं. मग अगदी सहानुभूतीने विचारलं, ‘ऊटी ट्रान्सफरा, सार?’

असला उफराटा कारभार इथे करणारा मी काही पहिला मराठी माणूस नव्हे. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास या गादीवर बसले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या घोडेस्वारांना घाट आणि खिंडी ठाऊक. पुढ्यात मात्र आली भाताची खाचरं, कालवे आणि पुन्हा भाताची खाचरं. चढणीला सरावलेल्या त्या घोड्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो. तंजावरच्या मोडी दफ्तरात नाना प्रकारचे कागद आहेत. पण घोड्यांचं मत कुणी टिपून ठेवलेलं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

जुन्या सायकलचं मागचं चाक आणि तिचा सांगाडा यांच्यात काही आडपडदा नव्हता. पहाटे पुदु आऱ्याच्या, म्हणजे ग्रँड अनिकट कालव्याच्या बांधावर निघालो, की रस्ता माझ्याशी बोलू लागे, आणि ते सगळं बोलणं माकडहाडामार्फत. चिखलात फिरलेल्या ट्रॅक्टरच्या खुणा उन्हाने टणक झालेल्या असत, त्या एकेक मोजून मिळत. कुठल्या गावाच्या हद्दीत यंदा खडी पडली आणि कुठे ती नुसती वहीत पडली, हे मला वही न बघता कळे. भात वाळत घालण्यासाठी शेतकरी डांबरी रस्ता अडवत, तेव्हा मला वाटे, हे माझ्यासाठीच; तेवढा तुकडा उतरून चालण्यात पाठीला सुटी मिळे. या खेळाचे जनक माझ्याहून कडवे होते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमल्पायसच्या बाजूला काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका उतारावर शर्यती लावू लागले. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस धूर होऊन उडून जाई, ते दरवेळी नव्याने भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नाव पडलं रीपॅक. पुढचा शॉकअप दुकानात मिळू लागायला १९९० च्या आसपासचं साल उजाडलं, मागचा रुळायला आणखी काही वर्षं लागली. त्या पोरांना ग्रीसची काळजी होती. पाठीची काळजी वेगळ्या वयात लागते.

देवांची गोष्टही फार निराळी नाही. तंजावरच्या मोठ्या देवळाचा रथ कित्येक दशकं निघत नव्हता, तो २०१५ मध्ये पुन्हा रस्त्यावर आला. पलीकडे तिरुवारूरच्या अवाढव्य रथाला तर त्रिचीच्या भेल कारखान्याने लोखंडी चाकं आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. ब्रेक मिळाले, शॉकअपचा विषय मात्र त्यागराजस्वामींसाठी कुणी काढलेला दिसत नाही. कदाचित हजारो हातांनी ओढल्यावर तो लागत नसेल.

नव्या सायकलीला आधी आपलं वजन सांगावं लागतं. खरं वजन, बूट, पिशवी, पाण्याची बाटली धरून. त्या मानाने एका चिमुकल्या पंपाने मागच्या शॉकअपमध्ये हवा भरायची, अलगद बसायचं, अलगद उतरायचं आणि त्याच्या चकचकीत दांडीवरची रबराची बारीक कडी किती सरकली ते वाकून बघायचं. पाव ते तृतीयांश सरकली की जमलं. म्हणजे रस्ता सुरू होण्याआधीच सायकलने तेवढं नमतं घेतलेलं असतं. ते घेतलं नाही, तर खड्डा आल्यावर चाकाला खाली उतरायला वावच राहत नाही आणि ते हवेत तरंगतं. मला यात नवीन काही शिकायचं नव्हतं. घरात ही पद्धत फार आधीपासून चालू आहे.

त्याच शॉकअपवर एक लाल घुंडी असते. दबलेली सायकल किती सावकाश वर यावी, ते ती ठरवते. तिचं मोल मला घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात कळलं. अक्का तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या; देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर त्यांची नाचरी बाहुली उभी असते. डोकं, धड, घागरा, सगळे भाग सुटे, एकमेकांवर नुसते टेकवलेले. बोट लावलं की मान एका अंगाने जाते, कंबर दुसऱ्या अंगाने, घागऱ्याचा तिसराच विचार; आणि बोट लावणारा कंटाळून स्वयंपाकघरात गेला तरी तिचं झुलणं सुरूच. या बाईला लाल घुंडी नाही. घुंडी सगळी मोकळी सोडून गतिरोधक ओलांडला, तर सायकलस्वाराचंही हेच होतं. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला तो बराच वेळ होकार देत राहतो. मला त्या बाहुलीचा थोडा हेवा वाटतो, कारण तिला कुठे पोचायचं नसतं.

दोनही सायकलींत मला जाणवलेला खरा फरक पाठीत नाही, डोळ्यांत आहे. जुन्या सायकलवर नजर पुढच्या दहा फुटांत खिळलेली असे; हा दगड चुकवायचा, त्या खाचेवर उठून उभं राहायचं. बांधावरून मी इतका काळ गेलो आणि मला बांध तेवढा ठाऊक होता. आता दगडांचं काय करायचं ते सायकल बघते, आणि मान आपसूक वर झाली. कालव्यापलीकडे ताडांची रांग आहे, हे मला आत्ता कळलं. नांगराच्या मागे बगळे चालतात ते ओळीने नव्हे. एक पुढे, दोघे जरा मागे, जणू वरातीतले रुसलेले मामा. पुण्याकडून येणारे इतिहासप्रेमी पाहुणे ‘तंजावरचे मराठे मऊ पडले हो’ म्हणून हळहळतात, तेव्हा हल्ली मी गप्प बसत नाही. १७९९ च्या तहानंतर सरफोजीराजांकडे किल्ला आणि त्याभोवतीचा थोडा मुलूख उरला. राज्यातले सगळे खड्डे कंपनीने आपल्याकडे घेतले, अर्थात राज्यासकट. मग या राजाने मान वर करून पाहायला सुरुवात केली. सरस्वती महालात देशोदेशीचे ग्रंथ जमवले. धन्वंतरी महालात औषधं पारखून घेतली. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यात एकेका दुखऱ्या डोळ्याचं रंगीत चित्र काढवून घेतलं. ते डोळे आजही त्या पानांतून आपल्याकडे बघतात. १८०३ मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास त्याच मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवला. आणि नेपोलियन हरला म्हणून इंग्रज मित्रांच्या आनंदात सामील होत दूर समुद्रकाठी आठ मजली मनोरा बांधला. सपाटीत राहणाऱ्या मराठी माणसाला अधूनमधून उंचीची लहर येते, ती अशी. राज्य गेल्याचं दुःख खोटं नव्हतं. पण घोड्यावर मांड ठोकून बसलेल्या कुणाकडून त्या डोळ्यांची चित्रं झाली असती, असं मला वाटत नाही.

रविवारी मी वल्लमला जातो. नैर्ऋत्येला दहाबारा किलोमीटरवर जमीन जराशी वर उचलली आहे. तांबडी जांभ्याची माती, मुरूम, मधूनच चमकणारे गारगोटीचे खडे. तिथल्या स्फटिकांचे पूर्वी चष्मे बनत. डोंगर म्हणण्याइतकं तिथे काही नाही, पण ओघळींनी कोरलेली एक उतरण आहे, आणि तिच्यावरून ही दीडएक किलो जड असलेली सायकल अशी काही वाहत जाते, की तेवढ्या वेळापुरता सायकलवाल्याच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणावंसं वाटतं. वर चढताना मात्र ती प्रत्येक पावलाला खालीवर डुलते. मग एक खटका ओढून मागचा शॉकअप बंद करावा लागतो. पैसे मोजून घेतलेली सोय कष्टाच्या वेळी बंद करायची, यावर अक्कांनी बराच विचार केला आणि शेवटी मला जास्तीचा भात वाढला.

जुनी हार्डटेल त्यांच्या नातवाला दिली. सीट अगदी खाली केली तरी त्याला ती मोठीच होते, म्हणून तो बसतच नाही, उभ्याने चालवतो. परवा तो माझ्या सायकलपाशी उकिडवा बसून मागच्या शॉकअपचं निरीक्षण करत होता.

‘मामा, हे कशाला?’

‘पाठीसाठी.’

त्याने सायकलच्या दांडीवरून हात फिरवला. ‘हिची पाठ दुखते?’

मी हो म्हटलं. तेव्हापासून तो तिच्या अंगावर काही टेकवू देत नाही, आणि स्वतः हार्डटेलवर उभा राहून गल्लीतले सगळे गतिरोधक शोधून शोधून घेतो.