बाटलीचं चारित्र्य

कोहमाऱ्याला गोंदियाचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 53 ला मिळतो. नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल जवळच. तिथला मध ‘शाश्वत’ म्हणून विकायचा, तर प्लॅस्टिक नको, काच हवी, असा शहरी सल्ला. बरं. काचेची भट्टी दीड हजार अंशांची, रात्रंदिवस पेटती. तिथून रिकामी बाटली ट्रकने जंगलात येणार, भरली की ट्रकनेच शहरात जाणार, लेबलावर हिरवं पान मिरवत.

1908 साली तळेगावला लोकांकडून पैसा-पैसा जमवून पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. तेव्हा काच स्वदेशी असली की पुरे होतं. आता तिचं चारित्र्यही तपासतात: भट्टीवर पोरं राबली का, जुनी काच किती वापरली? प्रश्न रास्तच. (फिरोझाबादच्या बांगड्या भरताना ते कुणाला सुचत नाहीत, एवढंच.)

भंगारवाल्याला मात्र कुणी सल्लागार नेमत नाही. त्याच्या पोत्यातली बाटली धुऊन पुन्हा भरली, तर तिच्यासाठी नवी काच वितळवावी लागत नाही. पण तिच्यावर ओरखडे असतात, आणि पर्यावरणप्रेमी गिऱ्हाइकाला बाटली कोरी करकरीत लागते.